काकेशियन ग्राऊजचा नाच: कुठे, कधी आणि किती लांबून बघावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी जॉर्जियात, तिबिलिसीला मेडिकलला आहे, मे महिन्यात तिच्याकडे जाताय, मधले तीन-चार दिवस काकेशस पर्वतातल्या काझबेगीसाठी काढणार आहात आणि तिथे डोंगरउतारांवर काकेशियन ग्राऊज या पक्ष्याचे नर नाचतात ते बघायचं आहे. कुठे बसायचं, आवाजावरून पक्षी कसा शोधायचा, किती जवळ जाता येईल, ड्रोन नेला तर चालेल का आणि मुलीचे मित्रमैत्रिणी धरून सहाजणांनी एकत्र जावं का, एवढं तुम्ही विचारलंय. वसंतात काकेशसमध्ये पक्षीनिरीक्षकांचे गट नेणं हे माझं काम आहे आणि या पक्ष्यावर माझा विशेष जीव आहे. म्हणून उत्तर जरा लांबलं तरी चालवून घ्या.

सुरुवात आवाजापासून करतो, कारण बहुतेकांची सकाळ तिथेच वाया जाते. हा पक्षी जवळजवळ मुक्यानं नाचतो. तुम्ही ज्या चित्रफिती पाहिल्या असतील, ज्यात काळे नर गळा फुगवून घुमतात आणि मधूनच फिस्कारतात, त्या युरोपातल्या काळ्या ग्राऊजच्या आहेत. तो याचा सख्खा भाऊबंद. त्याचं घुमणं शांत पहाटे किलोमीटर-दोन किलोमीटरवरूनही कानावर येतं. काकेशसच्या नराकडे तसं काही नाही. उडी मारताना पंखांची शीळवजा सळसळ होते, मधूनच चोचीची टकटक होते, घशातून एखादी दबकी गुरगुर येते, बस. वारा पडलेला असेल तर पंखांचा आवाज शे-दीडशे मीटरवर ऐकू येईल, आणि तुम्ही एवढ्या जवळ असायलाच नको. त्यामुळे कानावर विसंबून डोंगर चढू नका. मोबाइलवर आवाज वाजवून बोलावण्याचा तर प्रश्नच येत नाही.

हा मुकेपणा का आला असावा, याबद्दल माझा एक तर्क आहे. काळा ग्राऊज नाचतो तो बहुधा सपाट दलदलीवर, मोकळ्या कुरणात, नाहीतर गोठलेल्या तळ्यावर. तिथे दूरवरच्या मादीला नर दिसेलच असं नाही, पण आवाज पोचतो. काकेशसमध्ये नर तीस-चाळीस अंशांच्या उघड्या उतारावर उभा असतो. समोरच्या उतारावरच्या, खालच्या झुडपातल्या, वरच्या कड्यावरच्या प्रत्येक मादीला तो आयता दिसतो. शिवाय मे महिन्यात बर्फ वितळून प्रत्येक घळीतून पाणी गर्जत असतं, दरीतून वारा वर चढत असतो. अशा ठिकाणी गळा फोडून उपयोग काय? दिसणं हेच तिथे बोलणं. हिमालयात नेमकं उलट घडतं. हिमाचलच्या ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कमध्ये मे महिन्यात पहाटे जुजुराणाची (वेस्टर्न ट्रॅगोपॅन या पक्ष्याची) हाक ऐकू येते, पण घनदाट रानात पक्षी नजरेस पडत नाही. इथे पक्षी सगळ्या दरीला दिसतो आणि ऐकू काही येत नाही.

आता पक्ष्याची थोडी ओळख. ग्राऊज हे मोर, तितर, लावे यांच्याच कुळातले, पण थंड प्रदेशासाठी घडलेले. भारतात त्यांची एकही जात नाही. पायांवर बोटांपर्यंत पिसं, नाकपुड्यांवर पिसं आणि हिवाळ्यात बोटांच्या कडांना फुटणारी कंगव्यासारखी खवलं, ज्यांच्यामुळे बर्फात पाय रुतत नाही. काकेशियन ग्राऊजचा नर शेपटीसकट पन्नास-पंचावन्न सेंटिमीटर भरतो. रंग पूर्ण काळा, त्यावर मंद निळसर-हिरवी झाक. डोळ्यांवर लालभडक मांसल पट्टा, खांद्यापाशी पांढरा ठिपका, पंखांची खालची बाजू स्वच्छ पांढरी. शेपटी लांब, टोकाशी बाहेर आणि खाली वळलेली. काळ्या ग्राऊजच्या शेपटीखाली जो पांढराशुभ्र झुपका असतो तो याला नाही, मागूनही हा काळाच दिसतो. मादी राखी-तपकिरी, अंगभर बारीक आडव्या रेघा. ती रोडोडेंड्रॉनच्या झुडपाशेजारी बसली की दुर्बिणीच्या मधोमध असूनही सुटून जाते.

जगात हा पक्षी फक्त काकेशस आणि त्याला लागून असलेल्या डोंगरांत आहे: जॉर्जिया, रशियाची दक्षिण कड, अझरबैजान, आर्मेनिया, ईशान्य तुर्कस्तानातले पाँटिक पर्वत आणि वायव्य इराणातला अरसबारानचा छोटासा तुकडा. जागतिक लाल यादीत तो संकटाच्या उंबरठ्यावरच्या गटात मोडतो. विज्ञानाला त्याची ओळख झाली ती पोलंडच्या दोघांमुळे. लुडविक म्वोकोशेविच हा निसर्गवेडा माणूस पूर्व जॉर्जियातल्या लागोदेखी गावी येऊन राहिला आणि तिथल्या वनस्पती, किडे, पक्षी गोळा करत राहिला. त्यानं मिळवलेल्या नमुन्यांवरून वॉर्सातल्या व्वादिस्वाव ताचानोव्स्कीनं १८७५ मध्ये या जातीचं वर्णन केलं आणि शास्त्रीय नावात म्वोकोशेविचचं नाव घातलं. लागोदेखीचं रान १९१२ मध्ये राखीव झालं, त्यामागेही त्याचीच खटपट होती. त्या राखीव रानाच्या माथ्यावर, रशियाच्या सीमेलगतच्या कुरणांत, आजही हे पक्षी आहेत.

अधिवासाबद्दल तुम्ही फारसं विचारलेलं नाही, पण तो कळल्याशिवाय कुठे बसायचं हे कळणार नाही. म्हणून इथे जरा थांबतो.

हा पक्षी जंगलाचाही नाही आणि निव्वळ कुरणाचाही नाही. त्याचं घर म्हणजे जंगल संपतं आणि कुरण सुरू होतं ती कड. साधारण दीड हजार ते तीन हजार मीटरांमधला हा पट्टा, पण खरी गर्दी दोन हजारांच्या आगेमागे आणि त्याच्या थोडी वर. खालून वर चढत गेलात की आधी उंच झाडं विरळ होतात, मग बर्च लागतो. हा बर्च सरळ उभा नसतो. हिवाळाभर बर्फाचा थर उताराकडे सरकत राहतो आणि खोडांना दाबून आडवं करतो, म्हणून बुंधा आधी उताराच्या दिशेनं झोपलेला आणि मग वर वळलेला दिसतो. त्याच्या वर काकेशियन रोडोडेंड्रॉनची गुडघा ते कंबरभर उंचीची, एकमेकांत गुंतलेली, सदाहरित झुडपं. ती बहुतेक उत्तरेकडच्या उतारांवर असतात, कारण तिथे बर्फ उशिरापर्यंत टिकतो आणि त्या पांघरुणाखाली त्यांची पानं कडाक्याच्या थंडीतून वाचतात. दक्षिणेकडच्या कोरड्या उतारांवर जमिनीलगत पसरलेला ज्युनिपर. आणि या सगळ्याच्या अधेमधे, वर, बाजूला गवताळ कुरणं.

नराला, मादीला आणि पिल्लांना या कडेतलं वेगवेगळं काही हवं असतं. हिवाळ्यात सगळ्यांना बर्च लागतो. त्याच्या कळ्या आणि लोंबणारे तुरे, जोडीला ज्युनिपरची पानं आणि फळं, यावर हा पक्षी महिनोन्‌महिने काढतो. रात्री आणि वादळात तो मऊ बर्फात बीळ करून आत बसतो, कारण बाहेरच्या मानानं बर्फाच्या पोटात ऊब असते. वसंतात नरांना नाचायला उघडं गवत हवं. मादीला अंडी घालायला झुडपाचा आडोसा. पिल्लांना पहिल्या आठवड्यांत किडे हवेत, आणि किडे असतात कुरणातल्या उंच, ओलसर, फुलांनी भरलेल्या गवतात. हे सगळं एका डोंगराच्या दोन-तीनशे मीटर उंचीच्या पट्ट्यात, हाकेच्या अंतरावर मिळालं तरच तिथे ग्राऊज टिकतो. नुसता बर्च असून भागत नाही आणि नुसतं कुरण असूनही नाही.

एक खूण सांगतो, ती तुम्हाला वाटेवरून चालतानाही दिसेल. बर्चच्या वरच्या कडेला बर्फ नुकताच वितळलेला असतो तिथे जमिनीवर लेंड्यांचा छोटा ढीग पडलेला दिसतो. बोटाच्या पेराएवढ्या, किंचित वाकड्या, कोरड्या, पिवळसर-तपकिरी. मोडून पाहिल्यात तर आत नुसता कळ्या-सालींचा चोथा. तो ढीग म्हणजे हिवाळ्यातलं बर्फाचं बीळ: पक्षी रात्रभर एकाच जागी बसला, बीळ वितळून गेलं आणि लेंड्या जमिनीवर उतरल्या. असे दोन-चार ढीग जवळजवळ दिसले की समजायचं, या कडेला पक्षी हिवाळा काढतात, आणि नाचाची जागा बहुधा याच डोंगरावर वरच्या अंगाला असणार.

आता नाच.

एप्रिलच्या उत्तरार्धात नर कुरणातल्या ठरलेल्या जागी जमू लागतात. पक्षी-अभ्यासात ज्याला ‘लेक’ (lek) म्हणतात, तोच हा प्रकार. मी इथे आखाडा म्हणतो. आखाडा वर्षानुवर्षं तोच राहतो. एखादी सोंड, एखादा खांदा, दोन घळींमधला गवताचा पट्टा. बर्फ जिथून लवकर सरतो अशा उतारांना पसंती, पण ताज्या बर्फावर नाचणारे नरही मी पुष्कळ पाहिलेत. कुठे दोन-तीन नर, कुठे दहा-बारा. काळ्या ग्राऊजच्या आखाड्यात नर अगदी लगटून भांडतात, इथे मात्र उताराच्या रचनेमुळे प्रत्येकाची जागा जरा सुटी असते. एकमेकांना दिसतील एवढी जवळ, अंगावर येणार नाहीत एवढी लांब. पहिल्या वर्षाचा नर पूर्ण काळा नसतो, बराचसा मादीच्या रंगाकडे झुकलेला असतो, आणि तो बहुधा कडेला राहून बघत बसतो.

एका नरावर स्कोप, म्हणजे तिपाईवरची एकनळी मोठी दुर्बीण, लावून बसलात तर काय दिसेल ते सांगतो. फटफटायच्या आधीच तो जागेवर आलेला असतो. आधी नुसता काळा ठिपका. उजेड वाढतो तसा आकार स्पष्ट होतो: मान ताठ, पंख किंचित खाली सोडलेले, शेपटी उभी. तो चार पावलं चालतो, थांबतो, एका अंगावर वळतो. लाल पट्टे फुगलेले असतात, त्या करड्या उजेडात सगळ्यात आधी रंग भरतो तो तिथे. मग किंचित दबतो आणि सरळ वर उसळतो, मीटरभर, कधी त्याहून थोडं जास्त. पंख चार-पाच वेळा फडकतात आणि त्यांच्या खालची पांढरी बाजू लख्खकन चमकते. हवेतच अंग अर्धं फिरतं आणि तो जवळजवळ त्याच जागी उतरतो, पण तोंड आता उलट दिशेला. सगळा प्रकार सेकंदा-दीड सेकंदाचा. उतरला की पुन्हा पुतळ्यासारखा स्तब्ध. मग शेजारचा उसळतो, मग त्याच्या पलीकडचा. एकाची उडी दुसऱ्याला पेटवते, त्यामुळे मिनिटभर उतारावर पांढरे चमकारे उठत राहतात आणि मग पाच-दहा मिनिटं काहीच घडत नाही.

आपल्याकडे ज्यांनी पावसाळ्यात अकोला-वाशीमकडे तणमोर पाहिलाय त्यांना ही उडी ओळखीची वाटेल. तणमोराचा नरही गवतातून असाच उभा उसळतो आणि त्याच जागी पडतो, दिवसातून शेकडो वेळा. दोघांची कुळं वेगळी, मुलूख वेगळा, पण अडचण एकच: जमिनीवर राहणाऱ्या पक्ष्यानं दूरवरच्या मादीच्या डोळ्यांत भरायचं कसं. दोघांनीही क्षणभर गवताच्या वर येण्याचा मार्ग काढला. ग्राऊजनं त्यात अर्धी गिरकी घातली, आणि मला ती उताराला फार साजेशी वाटते. सपाटीवरची मादी कुठेतरी समोर असते. उतारावर ती वर असू शकते, खाली असू शकते, मागच्या सोंडेवर असू शकते. फिरून उतरणारा नर साऱ्या बाजूंना आपलं अंग दाखवून घेतो.

मादी येते तेव्हा काही गाजावाजा नसतो. खालच्या झुडपातून ती चालत वर येते, चरल्यासारखं करते, थांबते. नरांच्या उड्या वाढतात. ज्याच्या जागेत ती शिरते तो उडी सोडून शेपटी पसरून तिच्याभोवती तिरका चालू लागतो. ती पुष्कळदा तशीच पुढे निघून जाते. काळ्या ग्राऊजवर फिनलंडमध्ये वर्षानुवर्षं चाललेल्या अभ्यासांत दिसलंय की मादी काही दिवस आखाड्याला फेऱ्या घालते, नर निरखते, बहुधा एकदाच मीलन करते, आणि थोड्याच नरांच्या वाट्याला बहुतेक माद्या येतात. काकेशसच्या आखाड्यावरही मला असंच चित्र दिसत आलंय: एक-दोन नरांकडे माद्यांचा ओढा, बाकीचे हंगामभर उड्या मारत राहतात. त्यापुढे नराचा काहीच भाग नाही. घरटं म्हणजे झुडपाखाली किंवा गवतात उकरलेला खळगा. त्यात साधारण सहा-आठ अंडी, तीन आठवड्यांहून थोडं जास्त उबवणं, मग पिल्लांना किड्यांच्या गवतात फिरवणं, सगळं एकटीनं. पिल्लं दोन आठवड्यांच्या आतबाहेर थोडंथोडं उडू लागतात.

हे सांगण्याचं कारण असं की पुढे अंतराबद्दल जे लिहिणार आहे ते नरापेक्षा मादीसाठी आहे. नर बिथरला तर तासाभरानं परत येतो. मादी जर दोन-तीन सकाळी येऊन माणसं बघून मागे फिरली, तर डोंगरावरच्या तिच्या मोजक्या दिवसांतले ते दिवस गेले. इथला उन्हाळा आखूड आहे. उशिरा घातलेल्या अंड्यांतली पिल्लं वाढायला दिवस कमी पडतात.

आता काझबेगीचं प्रत्यक्ष. तिबिलिसीहून जुन्या लष्करी मार्गानं सुमारे दीडशे किलोमीटर. वाटेत गुदाउरीचा स्कीचा परिसर आणि सुमारे २४०० मीटर उंचीची ज्वारी खिंड लागते. वसंतात बर्फ किंवा दरडीमुळे रस्ता बंद होऊ शकतो, म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी तिथे राहू नका. गावाचं आताचं नाव स्तेपांत्समिंदा (काझबेगी हे जुनं), उंची साधारण १७४० मीटर, मधून तेर्गी नदी वाहते. पश्चिमेला गेर्गेतीचं चर्च २१७० मीटरवर आणि त्यामागे पाच हजार मीटरांहून उंच काझबेग शिखर. पूर्वेला गावाच्या डोक्यावर कुरोचा डोंगर. दोन्ही बाजूंच्या उतारांवर ग्राऊज आहेत, आणि तुमच्यासाठी सगळ्यात चांगली गोष्ट ही की डोंगर न चढता, गावाच्या वरच्या अंगाच्या रस्त्यावरून किंवा चर्चच्या वाटेवरून, स्कोपनं हे उतार तपासता येतात. म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाचणाऱ्या उतारावर नाही, त्याच्या समोर बसायचं. मध्ये दरी किंवा घळ असू द्या.

दिवस निवडायचे असतील तर एप्रिलचा शेवट ते मेचा मध्य उत्तम. मेचा तिसरा आठवडाही चालेल. जूनमध्ये नाच ओसरतो, बर्फ वर सरकतो, नर पिसं झडायच्या तयारीनं झुडपांत दडतात आणि हा पक्षी आहे की नाही अशी शंका यावी इतका नाहीसा होतो. मेच्या मध्यात तिथे सूर्य साधारण पावणेसहाला उगवतो, पण डोंगरामुळे ऊन उतारावर उशिरा येतं. तुम्ही पावणेपाचला जागेवर बसलेले हवात. पहिले दोन तास महत्त्वाचे. ऊन चढलं की जमिनीवरची हवा थरथरू लागते आणि स्कोपमधून काळा दगडही नाचताना दिसतो. संध्याकाळी ऊन गेल्यावरही काही नर आखाड्यावर येतात. पहाटे धुकं लागलं तर संध्याकाळ सोडू नका. जोराच्या वाऱ्यात मात्र उड्या कमी होतात.

साधनांत स्कोप आणि पक्कं तिपाई स्टँड याला पर्याय नाही. साधी दुर्बीण ठिपका दाखवेल, नाच दाखवणार नाही. गावात स्थानिक पक्षी-मार्गदर्शक मिळतात, स्कोप त्यांच्याकडे असतो. एक सकाळ त्यांच्यासोबत घालवा. कुठला उतार यंदा चालू आहे हे त्यांना माहीत असतं आणि तुमचे पैसे त्या डोंगरावरच राहतात. कपडे हिवाळ्याचेच न्या, मेमध्येही पहाटे पारा शून्याच्या आसपास असतो.

शोधायची रीत अशी. सगळा डोंगर सरसर फिरवू नका. आधी नुसत्या डोळ्यांनी बर्चची वरची कड पाहा. तिच्यावर पन्नास ते दोनशे मीटर उंचीतला गवताचा पट्टा ठरवा. मग स्कोप कमी वर्धनावर ठेवून त्या पट्ट्यातून डावीकडून उजवीकडे सावकाश सरका, प्रत्येक चौकटीत दहा-पंधरा सेकंद थांबा. बर्फाच्या तुकड्यांच्या कडा विशेष पाहा. काळे दगड शेकडो असतील, पण दगड चमकत नाही. संशयाच्या ठिपक्यावर मिनिटभर थांबलात आणि पांढरा चमकारा उठला की काम झालं. एक नर सापडला की स्कोप तिथेच ठेवा, बाकीचे त्याच्या आजूबाजूलाच असतात. त्याच उतारावर रिंग ऊझल हा काळा कस्तूरवर्गीय पक्षी दिसेल, तो बराच लहान. पिवळ्या चोचीचे डोंगरकावळे थव्यानं उडत असतील. आणि वर खडकांतून लांबलचक, चढत जाणारी शीळ ऐकू आली तर ती काकेशियन स्नोकॉकची. तो राखी, थोराड पक्षी आणि ग्राऊजहून बराच वर, खडकाळ भागात राहतो. आवाजावरून शोधायची हौस त्याच्यावर भागवून घ्या.

काझबेगीत हवामानानं दगा दिला आणि हाताशी दिवस असले, तर लागोदेखी हा पर्याय आहे, पण तिथे वरच्या कुरणांपर्यंत मोठी चढाई आहे आणि मेमध्ये माथ्यावर भरपूर बर्फ असतो. पुढे कधी तुर्कस्तानात जाणं झालं तर रिझे प्रांतातलं सिव्रिकाया गाव या पक्ष्यासाठी पक्षीनिरीक्षकांत फार जुन्या काळापासून माहीत आहे.

अंतराबद्दल स्पष्ट लिहितो. आखाड्यापासून निदान पाचशे मीटर लांब, शक्यतो त्याच्या पातळीच्या खाली आणि दरीच्या पलीकडे. वरून कधीही जाऊ नका. क्षितिजावर उभी राहिलेली माणसाची आकृती त्यांना सगळ्यात जास्त घाबरवते. अंतर बरोबर आहे की नाही हे पक्षीच सांगतो. नर उड्या थांबवून मान उंच करून बराच वेळ तुमच्या दिशेनं उभा राहिला, तर तुम्ही जास्त जवळ आहात, तेव्हा मागे सरा. पानभर भरेल असा फोटो मिळणार नाही. स्कोपला मोबाइल लावून चित्रफीत घ्या, नाचाची लय त्यात फोटोपेक्षा चांगली येते. चांगल्या फोटोसाठी लपणं बांधून जवळ बसणारे लोक आहेत, पण तीन-चार दिवसांसाठी आलेल्या पाहुण्यानं त्या फंदात पडू नये असं माझं ठाम मत आहे.

ड्रोन नको. नियम काय आहेत तो भाग वेगळा. उघड्या उतारावर नाचणाऱ्या पक्ष्याला जिवाची भीती वरून येणाऱ्या सावलीची असते, कारण त्या डोंगरांत सोनेरी गरुड शिकार करतात. डोक्यावर काहीतरी घोंघावत आलं की सगळा आखाडा एका क्षणात झुडपात जातो, आणि त्या सकाळी तिथे आलेल्या माद्याही.

या पक्ष्यावर आधीच पुरेसं ओझं आहे, म्हणून मी एवढं आग्रहानं लिहितोय. मे-जूनमध्ये, नेमक्या अंडी उबवायच्या दिवसांत, मेंढ्यांचे कळप वरच्या कुरणांत चढतात. खुरांखाली घरटी जातात आणि कळपासोबतची मोठी राखणीची कुत्री माद्या आणि पिल्लं पकडतात. सरपणासाठी बर्च आणि रोडोडेंड्रॉन तोडला की हिवाळ्याचं अन्न आणि घरट्याचा आडोसा दोन्ही जातात. जॉर्जियात नव्वदच्या दशकात वीज आणि गॅसची टंचाई होती तेव्हा ही तोड फार वाढली होती. चोरटी शिकार आहे, स्कीसाठी नवे उतार उघडले जातायत. मात्र चराई पूर्ण बंद केली की सगळं सुधारेल, इतका हा हिशेब सरळ नाही. सोव्हिएत काळ संपल्यावर काझबेगी भागात मेंढ्यांची संख्या खूप घटली आणि काही उतारांवर बर्च पुन्हा वर सरकू लागला. हिवाळ्याच्या दृष्टीनं ते चांगलं, पण सगळं कुरण झुडपांनी भरलं तर नाचायची जागा आणि पिल्लांचं गवत कमी होणार. त्याला ती कडच हवी, दोन्ही बाजू शाबूत असलेली. माझ्या मते मेंढपाळांना शत्रू न मानता, कळप वर चढायचे दिवस थोडे पुढे ढकलणं आणि त्या काळात कुत्री आवरणं यावर त्यांच्याशी बोलणी व्हायला हवीत. उबवण्याचे तीन आठवडे निभावले तर पुष्कळ साधेल.

शेवटचा प्रश्न सहाजणांचा. एकत्र जायला हरकत नाही, पण स्कोपशी एका वेळी तिघांहून जास्त नकोत. गटाचे दोन भाग करा: एका सकाळी तिघं पूर्वेकडच्या रस्त्यावर आणि तिघं चर्चच्या वाटेवर, दुसऱ्या सकाळी अदलाबदल. भडक जॅकेटं टाळा, बोलणं कुजबुजीत, एकदा बसलात की बसूनच राहा. नर आपण होऊन थांबेपर्यंत, म्हणजे साधारण आठ-साडेआठपर्यंत, सामान आवरू नका. त्यानंतर मुलांना वर फिरायला जायचं असेल तर मळलेल्या वाटेनंच पाठवा, रोडोडेंड्रॉनच्या झुडपांतून आडवाट काढू देऊ नका, आणि गावातलं एखादं कुत्रं मागे लागलंच, जे तिथे हमखास होतं, तर त्याला काही खायला न घालता गावाच्या वेशीवरूनच परतवा.